कोळीवाड्यात वास येत नाही का?

गेली आठ वर्षं मी सुट्टीच्या दिवशी लोकांना मुंबई दाखवते, आणि तेवढीच वर्षं हा प्रश्न ऐकतेय. "गेटवे आहे, राणीचा बाग आहे, पाहुण्यांना कोळीवाड्यात कशाला नेतेस गं? वास येत नाही का?" नातेवाइकांनी विचारलंय, ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलंय. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

येतो. वर्सोव्याच्या अरुंद गल्ल्यांतून बाहेर पडून खळ्यावर, म्हणजे मासळी वाळवायच्या आवारात, आलं की येतोच. पाऊस उघडला की तिथे बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले जातात. ते घालताना एकदा जवळून बघा. मावशी टोपलीतून दोन बोंबील उचलते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. गाठ नाही, चिमटा नाही, माशाचे दातच माशाला धरून ठेवतात. आपण मोजायला लागेपर्यंत वीस जोड्या लागलेल्या असतात, आणि मावशीचं लक्ष हाताकडे नसतंच, आभाळाकडे असतं. बोंबील म्हणजे नुसतं पाणी, ताजा ठेवला तर लगेच मऊ पडतो. ऊन आणि खारा वारा मिळाला की काही दिवसांत काडीसारखा कडक होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात आणि घराला आधार असतो तो या सुक्या म्हावऱ्याचा. तो वास म्हणजे पावसाळ्याची बेगमी आहे.

म्हणून कोणी म्हणालं, की खळं जरा मागे सरकवू, भिंती छान रंगवू, बसायला बाकडी टाकू, म्हणजे पर्यटक येतील, तर माझ्या पोटात गोळा येतो. रंगाला माझा विरोध नाही. पण खळं ही मोकळी पडलेली जागा नाही, ते त्या बायकांचं कामाचं ठिकाण आहे. कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्या ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे, ती याच भीतीपोटी. वाळवायला जागा राहिली नाही तर मासळी वाळणार नाही, मासळी नाही तर होडी विकली जाईल, आणि मग रंगवलेल्या भिंतींसमोर उभं राहून लोक बघणार काय?

वरळीला मी हे जरा मोठ्या मापात पाहिलं. कोस्टल रोडचा पूल आला तेव्हा तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं, की खांबांमधून होड्या सुखरूप निघायला जागा पुरणार नाही. त्यांनी मागणी सोडली नाही. शेवटी दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करायचं ठरलं. वरळीचा किल्ला बघायला मी लोकांना नेते, तेव्हा इंग्रजांनी तो कशासाठी बांधला हे दोन मिनिटांत आटपते आणि तटावरून तो पूल दाखवते. पूल नुसता बघण्यापेक्षा त्याच्याखालून होडी बाहेर पडताना बघावा.

घारापुरीचंही सांगायला हवं. तिथली लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली. जगभरातून माणसं येत राहिली, लाँचा भरभरून जात राहिल्या. आणि बेटावरच्या गावांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली. मधली ३१ वर्षं तिथली पोरं जनरेटर बंद झाला की पुस्तक मिटत होती. पर्यटक आले म्हणजे गावाचं भलं झालं, असं कोणी म्हणालं की मला ती ३१ वर्षं आठवतात. उलट माहीमच्या कोळीवाड्यात बायकांच्या बचत गटांनी किनाऱ्यावर स्वतःच्या हातची मासळी रांधून विकायला सुरुवात केली. मसाला त्यांचा, चूल त्यांची, गल्लाही त्यांचाच. तिथे जेवायला लोक लांबून येतात. जागा चालायला लागते ती अशी.

माझी सुरुवात मात्र चुकली होती. पहिल्याच फेरीला मी पंचवीसेक जण घेऊन गेले. लिलाव चालू होता, वाटेत मासळीच्या पाट्या होत्या, आणि आमची माणसं त्यातच उभी राहून फोटो काढत होती. एका आजींनी पाटीवरचा हात न थांबवता मला म्हटलं, "फोटो काढलेस ना? मग आता वाटा पण घे." मी मासळीचा वाटा विकत घेतला, पण त्यांच्या बोलण्याचा रोख मला घरी गेल्यावर कळला. दुसऱ्या आठवड्यात एकटीच गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून विचारलं, की आम्ही कधी आलो तर तुम्हाला अडचण होणार नाही?

आज जे काही चालतं ते त्यांनी सांगितलं तसं. दहाच्या वर माणसं नाहीत. लिलाव संपल्यावर यायचं. फोटो विचारून. जेवण गावातल्याच एका घरी, तांदळाची भाकरी आणि त्या दिवशी जे जाळ्यात आलं असेल त्याचं कालवण. सुरमईच हवी असा हट्ट धरायचा नाही. पैसे माझ्या हातात येत नाहीत, थेट त्या घरात जातात. आणि एक गोष्ट मला सुचली नव्हती, ती त्यांनीच सुचवली: जून-जुलैत या. तेव्हा मासेमारी बंद, घरात पैसा कमी, आणि हाताला उसंत. पुरुष ओटीवर जाळी दुरुस्त करत बसलेले असतात, बोलायला वेळ असतो. आता माझ्या सगळ्यात जास्त फेऱ्या भर पावसात होतात.

गेल्या हिवाळ्यात एक ताई खळ्यावर पोचेपर्यंत नाकाला रुमाल लावून होत्या. वलांडीखाली उभं राहून त्यांनी तीन जोड्या स्वतः अडकवल्या, दोन सुटून वाळूत पडल्या. जेवण झाल्यावर त्यांनी पाव किलो सुके बोंबील मागितले आणि बांधून घ्यायला पिशवी नव्हती म्हणून तोच रुमाल पुढे केला.

तुम्हाला यायचं असेल तर सकाळी वर्सोवा मेट्रो स्टेशनखाली भेटू, तिथून रिक्षा करू. जुन्या चपला घाला, वाळू ओली असते. आणि झाकणाचा एक डबा आणा.