डायल रंगवायची नाही, काका!

मला जुन्या लष्करी घड्याळांचा नाद. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकांच्या गावात एखाद्या जुन्या ट्रंकेत फौजी आजोबांचं वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ असतं. तसली घड्याळं मी कधी मागितली नाहीत. विकणाऱ्याला पैशाची नड असेल तर एक वेळ समजू शकतो, पण आपण होऊन विचारू नये.

मला हवं होतं ते ‘डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू.’ शिक्क्याचं. म्हणजे वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, ब्रिटिश सैन्यासाठी १२ कंपन्यांनी ही बनवली. काळी डायल, पांढरे आकडे, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा आणि डायलवर सरकारी बाणाची खूण. या बारांपैकी ओमेगा, लाँजिन्स परवडण्यातली नव्हती. ग्रानाची मुळातच सर्वांत कमी बनली, तिचा विषयच नको. म्हणून सायमा.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं पहिलं दाखवलं ते नव्या नवरीसारखं नटलेलं. ऐंशी वर्षांच्या डायलवर आकडे इतके पांढरेशुभ्र? भिंगातून पाहिलं तर बाणाची एक बाजू जाड, एक बारीक. डायल पुन्हा रंगवलेली! परत दिलं. मग त्याच्याकडचंच दुसरं, कळकट, घेतलं. आकड्यांवरचा, अंधारात चमकण्यासाठी लावलेला रेडियमचा रंग तपकिरी पडलेला, मागच्या झाकणावर बाण, तीन डब्ल्यू आणि नंबराआधी ‘पी’. सायमाला हेच अक्षर दिलेलं होतं.

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या काकांकडे नेलं. उघडून मशीन बघताच खूश झाले. “मशीन झकास आहे साहेब. डायल नवी करून टाकू, केसला पॉलिश मारू, ओळखू येणार नाही.”

“ओळखू यायला हवं, काका! नुसतं साफ करा, तेल द्या. रेडियम मात्र अजिबात खरवडू नका.”

हे मी दोनदा बजावलं. अंधारात ते आता चमकत नाही, कारण त्यातलं चकाकणारं रसायन थकलंय. किरणोत्सर्गी रेडियम मात्र तसाच आहे. तो निम्मा व्हायलाच १६०० वर्षं लागतात. त्याची धूळ नाकात जाणं वाईट. काकांनी डायल जपून बाजूला ठेवली, वर पेला उपडा घातला.

पट्ट्यानं मात्र छळलं. या घड्याळांच्या पट्टा अडकवायच्या दांड्या केसलाच पक्क्या बसवलेल्या, त्यामुळे दुकानातला साधा पट्टा लागेना. शेवटी खालून ओवायचा कापडी पट्टा मागवला.

आता दिवसाला मिनिटभर पुढे जातं, माझी तक्रार नाही. झाकणावर वॉटरप्रूफ कोरलंय खरं, पण साताऱ्याच्या पावसात मी ते घरीच ठेवतो.