जुन्या जीएमसी मोटरहोमचं ॲव्हरेज काढताना

आमची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, १९७६ सालची, २६ फुटी जीएमसी. मिशिगनमधल्या पॉन्टिॲकला तयार झालेली आणि आम्हीही मिशिगनचेच रहिवासी. आत ओल्ड्समोबिलचं ४५५ क्युबिक इंचाचं, म्हणजे साडेसात लिटरचं इंजिन आहे. ती घेतल्याचं कळवलं तेव्हा सांगलीहून सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते गं?" अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेली, त्यामुळे हाच प्रश्न येणार होता. या गाड्या असणारे कुणी गॅलनला (म्हणजे साधारण पावणेचार लिटरला) आठ मैल सांगत, कुणी दहा. पन्नास गॅलनच्या गाडीत एवढ्या फरकाने शंभर मैल इकडचे तिकडे होतात. म्हणून मी वही घातली.

अण्णांचा नियम साधा: टाकी फुल करायची, गाडी चालवायची, परत फुल करायची. आमच्या गाडीत खरी कसोटी 'फुल' कशाला म्हणायचं इथेच लागते. टाक्या दोन, पण भरायचं तोंड एक. नोझल खट्कन बंद पडतं तेव्हाही आत पेट्रोल एकीकडून दुसरीकडे सरकत असतं. त्यात मागच्या चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे मागची बाजू हवेच्या दाबावर वर-खाली होते. मागची बाजू जरा बसलेली असली किंवा पंपावरची जमीन उताराची असली, तर एक-दोन गॅलनचा फरक सहज पडतो. काट्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, तो एका वेळी एकाच टाकीचा आकडा दाखवतो.

त्यामुळे आमची एक पद्धत ठरली. पंपावर वळायच्या आधी फ्रिजचा गॅस आणि जनरेटर बंद करायचा. (जुन्या मोटरहोममध्ये फ्रिजची ज्योत पेटलेली असते, पेट्रोल भरताना ती विझवलेलीच हवी. यात सूट नाही.) मागची उंची नेहमीच्या पातळीवर आणायची. नोझल बंद पडलं की दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग हळूहळू वरून भरायचं. मागे रांग असली की ही मिनिटं फार लांब वाटतात, तरी थांबायचंच.

एवढं करूनही एका खेपेच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. तीस गॅलनमध्ये दोन गॅलन कमी-जास्त भरले गेले की हिशोब जवळजवळ सात टक्क्यांनी हलतो. पण चार खेपांची बेरीज केली तर मधल्या चुका एकमेकींत जिरतात. पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली चूक तेवढी उरते आणि तीही १२० गॅलनमध्ये वाटली जाते. म्हणून वहीत प्रत्येक खेपेच्या आकड्याशेजारी मागच्या चार खेपांचा एकत्रित आकडा असतो. मी बघते तो हाच.

मग मैलांचा प्रश्न. गाडीचे टायर मूळ मापाचे नाहीत. इंटरस्टेटवर, म्हणजे इथल्या मोठ्या महामार्गांवर, दर मैलाला हिरवी पाटी असते, त्या पाट्या मोजत गेलो तर ओडोमीटरने शंभर दाखवले तेव्हा खरे सत्त्याण्णवच झाले होते. आता प्रत्येक आकडा ०.९७ ने गुणूनच लिहिते.

जनरेटरही त्याच पेट्रोलवर चालतो. उन्हाळ्यात वीज नसलेल्या जागी रात्री एसी लावला की ते पेट्रोल प्रवासाच्या खात्यावर पडतं आणि गाडी उगाच बदनाम होते. एका मुक्कामात संध्याकाळी टाकी भरली, रात्रभर जनरेटर चालवला आणि सकाळी त्याच पंपावर, त्याच जागी उभं राहून पुन्हा भरली. तासाला अर्ध्या गॅलनहून थोडं जास्त निघालं. तेव्हापासून जनरेटरचे तास वेगळे लिहिते आणि तेवढं वजा करते.

शेवटचा रकाना वाऱ्याचा. तो मी साउथ डकोटामध्ये वाढवला. आय-९० या इंटरस्टेटवर पश्चिमेकडे जाताना समोरून वारा होता आणि ॲव्हरेज सातवर आलं. परतीला तोच रस्ता, वेग तोच, साठच्या आसपास, आणि आकडा दहाला टेकला. एवढ्या मोठ्या खोक्याला वारा किती भारी पडतो ते त्या दोन ओळींत शेजारीशेजारी दिसलं.

या सगळ्याचा खरा उपयोग गेल्या उन्हाळ्यात झाला. चार खेपांचा आकडा नऊवरून साडेसातवर उतरत गेला. वारा नव्हता, जनरेटर वजा केलेला होता, वेग नेहमीचा. गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हतं, पेट्रोलचा वासही नाही. या गाडीचं इंजिन आतूनच उघडतं. पुढच्या सीटांमागचा गालिचा गुंडाळला, झाकण उचललं, एअर क्लीनरचा वरचा नट काढला आणि तापलेल्या इंजिनावर टॉर्च मारला. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडावरची चोकची पट्टी सरळ उभी हवी होती, ती तिरकी अडकलेली. म्हणजे थंड इंजिनाला लागतं तसं जास्तीचं पेट्रोल सगळा वेळ आत जात होतं. प्लग काढले तर टोकांवर सुकी काळी काजळी. यांनी पट्टीचा सांधा साफ केला, चोकची स्प्रिंग नवी घातली आणि पुढच्या काही खेपांत आकडा पुन्हा नऊवर आला. किलोमीटरमध्ये सांगायचं तर लिटरला ३.८.

आता सपाट रस्त्याला नऊ धरते, समोरून वारा असला तर सात. पन्नास गॅलन असले तरी अडीचशे मैलांनंतर पंप बघायला लागतो, कारण पश्चिमेकडच्या काही पट्ट्यांत पुढचा पंप फार लांब असतो. अशा गाड्यांवर कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवणारे बरेच जण आहेत. यांच्याही मनात ते आहे आणि येत्या हिवाळ्यात बहुधा होईल. बसवल्यानंतर पहिल्या चार खेपा त्याच पंपांवर, त्याच वेगाने करायच्या ठरवल्या आहेत, म्हणजे जुन्या पानांशी थेट ताडून बघता येईल.