तुम्ही विचारलंत म्हणून: सोलरला अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर का नाही?

आमच्या जत तालुक्यातल्या वस्तीवर पाहुणे आले की पॅनेल बघतात आणि मग बॅटरीकडे गेलेल्या केबलवर बोट ठेवतात. "अण्णा, घराचं फिटिंग अडीचच्या वायरीत होतं, मग सोलरला एवढी जाड कशाला?"

मीही आधी अडीचचीच ओढली होती. गोठ्याच्या पत्र्यावर ८-८ अँपिअरचे दोन पॅनेल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस, मिळून १६ अँपिअर), खालीच चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, आणि तिथून १५ मीटरवर घरात २४ व्होल्टच्या बॅटऱ्या. ऊन जतचं, तरी दिवस मावळेपर्यंत बॅटरी भरायची नाही. रात्री नऊलाच इन्व्हर्टर ओरडायला लागायचा. महिनाभर मी बॅटरीलाच दोष दिला. शेवटी एका दुपारी मल्टिमीटर लावला. कंट्रोलरपाशी २८.६, बॅटरीच्या टोकांवर २५.१. साडेतीन व्होल्ट वाटेतच गेलेले. वायर हातात धरली तर कोमट लागली.

अडीचच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.२२. त्यातून १६ अँपिअर गेले की साडेतीन व्होल्ट उतरणारच. २३० व्होल्टात तेवढे गेले तर पंख्यालाही कळत नाही, २४ मध्ये तो सातवा हिस्सा झाला. त्यात कंट्रोलरला दिसतात फक्त स्वतःच्या टोकांवरचे व्होल्ट. बॅटरी भरत आली असं समजून तो करंट कमी करत जातो, आणि बॅटरी अर्धपोटी राहते.

मग कंट्रोलर काढून बॅटरीशेजारच्या भिंतीवर बसवला, पॅनेलपासून सहाची सोलर केबल ओढली. आता त्याला बॅटरीचेच खरे व्होल्ट दिसतात. तुमच्याकडे एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचे जादा व्होल्ट उतरवून बॅटरीला जास्त करंट देणारा) असेल तर त्याची व्होल्टची मर्यादा बघून पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून घ्या. व्होल्ट दुप्पट, म्हणून वायरीतला करंट निम्मा होतो आणि वायरीतला तोटा चौथाईवर येतो. परवडत असेल त्यांनी हेच करावं.

एक मात्र हात जोडून सांगतो, घरातल्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) विजेचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा खटका, इथे लावू नका. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. सोलर-बॅटरीचा करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, तो शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहते आणि एमसीबी आतून वितळतो. डीसीचाच मागून घ्या. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. पुढे कुठे वायर शॉर्ट झाली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. गोठा म्हटला की उंदीर आलेच, म्हणून आमची केबल शेवटपर्यंत पाइपातून नेली आहे.