ऑक्सिमीटर आणि मी

२०२० चा लॉकडाऊन मला तसा झेपला, लोकल नाही, धक्के नाहीत, बरंच वाटलेलं. वाट लागली ती २०२१ च्या एप्रिलमध्ये. बेड आहे का, रेमडेसिवीर कुठे मिळेल, असे मेसेज दिवसभर सोसायटीच्या ग्रुपवर आणि रात्री ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की छातीत अशी धडधड व्हायची की मी उठून ऑक्सिमीटर लावून बसायचे, ९८ दिसलं तरी विश्वास नाही, बोट बदलून परत. आई वैतागायची, "अगं झोप, त्याचे सेल संपतील!"

शेवटी फोनवर काउन्सेलरशी बोलले. त्या म्हणाल्या, सारखं चेक केल्याने भीती वाढतेच, वेळ ठरवून घ्या. ऐकायला सोप्पं, करायला जाम अवघड.

टेडेस्की आणि कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडलंय की आघातानंतर माणूस वाढू शकतो, पण त्रासही सोबत राहू शकतो. हे पटलं. नाहीतर "कोरोनाने जगायला शिकवलं" टाइप पोस्ट बघितल्या की डोकं फिरतं, ज्यांची माणसं गेली त्यांना सांगून बघा ना हे! माझ्यात फरक इतकाच की आता घाबरले की सरळ सांगते. आणि २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, सेव्ह करून ठेवा.