फिल्मच्या कडेवरचा मणका

सोमवार, रात्री

सकाळी गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. संध्याकाळी कोपरखैरण्याला मात्र वाशी, नेरूळ, पनवेल, कुठूनही आलेली गाडी भरलेलीच असते. घणसोलीपर्यंत खांब धरून तग धरला. रबाळ्याला पाठीत, बरगड्या संपतात तिथे ठणका सुरू झाला आणि ऐरोली येईस्तोवर कळ उजव्या कुल्ह्यात उतरली. समोरच्या मुलीला म्हटलं, "पाठीला दुखापत आहे गं, जरा बसू देतेस?" तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. काठी नाही, प्लास्टर नाही. उठली ती, पण ठाणं येईपर्यंत माझ्याकडे बघत होती. मी खरं बोलतेय का, याचा अंदाज घेत असावी.

तिचा राग नाही आला. दमून आलेली होती बिचारी. पण दुखतंय हे दर वेळी पटवून द्यायचं, तेही कळ येत असताना, याचा शीण दुखण्यापेक्षा वेगळा आहे आणि तो गोळीनं जात नाही.

दिव्यांग डब्यात मला चढता येत नाही. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत जुनाट वेदना हा प्रकारच नाही. बहुतेक सवलतींना निदान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. माझे हातपाय चालतात. टक्के कशाचे मोजणार?

बुधवार

वहिनीचा फोन. पुढच्या मंगळवारी भाचीची मंगळागौर आहे. "ताई, आता कारण सापडलंय ना? मग या वर्षी झिम्मा खेळायचाच हं!" किती प्रेमानं म्हणाली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते.

सगळ्यांना असंच वाटतं. एमआरआय झाला, निदान झालं, म्हणजे प्रकरण मिटलं. म्हणून आज सगळं लिहून काढते.

एका पावसाळ्यात इमारतीच्या ओल्या जिन्यावर पाय सटकला आणि मी पायरीच्या कडेवर धपकन बसले. कंबर दुखायला लागली. डॉक्टरांना तेच सांगितलं, कारण दुखत तिथेच होतं. कमरेचा एक्स-रे निघाला. "नॉर्मल आहे, स्नायू आखडलाय, आठवडाभरात बरं वाटेल." वाटलं नाही. दुसऱ्या ठिकाणी 'गादी सरकलीय' असं ठरलं. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन, पुढे वाकण्याचे व्यायाम. पुढे वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तसं सांगितलं तर म्हणाले, सवय होईल. आणखी एका ठिकाणी वय विचारलं, घरी काही ताण आहे का विचारलं आणि झोपेची गोळी लिहून दिली. मी मनाला फार लावून घेते, असं हळूहळू घरातही बोललं जायला लागलं. आई फोनवर विचारायची, "आज कसं आहे?" आणि मी "बरं आहे" म्हणायला लागले. तेच सोपं पडायचं.

मग नौपाड्यातल्या त्या फिजिओथेरपिस्ट बाई. त्यांनी आधीचा एकही कागद पाहिला नाही. म्हणाल्या, "पडलात कशा, ते दाखवा." मी खुर्चीवर बसून दाखवलं. मग मला पालथं झोपवून मानेपासून खाली एकेक मणका मुठीनं हलकेच ठोकत आल्या. मी बोट ठेवत होते त्याच्या चांगलं वीतभर वर त्यांची मूठ आली आणि मी ओरडले. त्यांनी हात तिथेच ठेवला. "कमरेत नाहीये हे," म्हणाल्या. "अख्ख्या पाठीच्या कण्याचा एमआरआय करून घ्या."

एल-1. कमरेच्या पाच मणक्यांतला सगळ्यात वरचा. पुढची बाजू जवळजवळ एक तृतीयांश दबलेली, त्यामुळे आकार पाचरीसारखा, आणि तसाच जुळून आलेला. स्पाइनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. त्याच्या वरचा डी-12, म्हणजे पाठीचा शेवटचा मणका, बरगड्यांच्या पिंजऱ्याशी बांधलेला असतो, खालचा एल-1 मोकळा हलतो. ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथेच असा दाब येऊन मणका चेपतो, विशेषतः माणूस बसल्यासारखा आपटला की. तिथून निघणाऱ्या नसा खाली कुल्ह्याच्या हाडापर्यंत जातात, म्हणून दुखणं कमरेत जाणवतं. कमरेचा पट्टा मोडलेल्या जागेच्या खालीच बसत होता. आणि पुढे वाकायचे व्यायाम? दर वाकण्याला भार त्याच चेपलेल्या बाजूवर पडत होता.

रात्री कपाटातून पहिला एक्स-रे काढला. ह्यांनी तो स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर धरला. फिल्मच्या अगदी वरच्या कडेला, चौकोनी मणक्यांच्या रांगेत एक तिरका. एकदा कुठे बघायचं ते कळल्यावर आम्हालाही दिसला. मी ओक्साबोक्शी रडले. हाड मोडलंय हे कळून इतकं हलकं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं. ह्यांनी फिल्म खाली ठेवली आणि "माफ कर" म्हणाले. मला त्यांच्याकडून माफी नको होती. पण त्यांनी ती मागितली हे बरं वाटलं.

पहिल्या डॉक्टरांच्या नजरेतून तो सुटला, हे मी समजू शकते. कडेवरचा मणका, गर्दीचा दवाखाना. माझा राग त्यानंतरच्या सगळ्यांवर आहे. मी पुन्हा पुन्हा जाऊन सांगत होते की वाढतंय, आणि प्रत्येकानं 'एक्स-रे नॉर्मल' हे शब्द वाचून पुढचं लिहिलं. फिल्म प्रकाशासमोर धरायला किती वेळ लागतो?

शुक्रवार, पहाट

चारला जाग आली. कूस बदलताना चमक भरली. गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन लिहितेय.

वहिनीला काय सांगायचं? हाड भरून आलंय, हे खरं आहे. पण ते वाकडं भरलंय. वर बाक आला की तोल सावरायला खालच्या स्नायूंना आणि सांध्यांना दिवसभर राबावं लागतं. शिवाय इतका काळ सतत दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होते. साधा ताण, गार वारा, रिक्षाचा एखादा हिसका, सगळ्याला ती दुखापतीसारखाच प्रतिसाद देते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा परत परत येणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी 2022 पासूनच्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा आहे. पेन क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबत स्पष्ट नोंदवलं की माणूस 'मला दुखतंय' म्हणतो, त्याच्या त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. मी त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं.

एमआरआयमध्ये मोडलेला मणका दिसला. आजचं दुखणं त्यात दिसत नाही, कुठल्याच फिल्मवर दिसणार नाही. म्हणजे मी पुन्हा होते तिथेच आले. फरक एवढाच की आता घरातले विचारत नाहीत, 'खरंच का?' लेक न सांगता कुकर उचलते. पिठाचा डबा खालच्या फळीवरून ओट्यावर आला, तो कुणी आणला हेही मला माहीत नाही. दुखणं तितकंच आहे, पण त्याच्या जोडीला असायचा तो एकटेपणा बराच उतरलाय. ज्यांच्याकडे अजून रिपोर्ट नाही, त्यांचं काय होत असेल, हा विचार मात्र सारखा येतो. डब्यात कुणी जागा मागितली तर मी आता कारण विचारत नाही.

वहिनीला सकाळी फोन करीन. येणार आहे, पूजेला खाली बसणार नाही, खुर्ची लागेल. झिम्मा खेळणार नाही, पण गाणी म्हणीन, मला सगळी पाठ आहेत. आणि मध्येच आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले तर कुणी उठवायला यायचं नाही.

उद्या डॉक्टरांना विचारायचं: प्रेगाबालिननं (नसांच्या दुखण्याची गोळी) सकाळी डोकं जड राहतं, रात्रीचा डोस कमी करता येईल का? डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची चाचणी कधी करायची, हाडं ठिसूळ असतील तर दुसरा मणका चेपायच्या आत कळायला हवं. पेनकिलर इतकी घेतलीय, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी का? पोहायला जाऊ का? आणि जुना एक्स-रे बरोबर न्यायचा, पहिल्यापासून सगळं दाखवायचं.