ताणकाट्याचा काटा

नववीत आमच्या विज्ञानाच्या सरांनी घर्षणाचा धडा घेतला तेव्हा आधी फळ्यावर काही लिहिलंच नाही. टेबलावर लाकडी ठोकळा ठेवला, त्याला ताणकाटा (ओढायचा जोर मोजणारा स्प्रिंगचा काटा) अडकवला आणि मला म्हणाले, हळूहळू ओढ आणि आकडे मोठ्याने वाच. काटा चढत गेला, ठोकळा काही हलेना, आणि ज्या क्षणी तो सरकला त्याच क्षणी काटा झटकन उतरला. सर म्हणाले, सुटायच्या आधीची पकड जास्त, सुटल्यावरची कमी. स्थितिक आणि गतिक घर्षणातला फरक माझ्या डोक्यात बसला तो असा.

मग गाडीवर आले. ब्रेक फक्त चाकाला आवरतो, गाडीला थांबवतो तो रस्ता, आणि फिरत्या टायरचा जो भाग रस्त्याला टेकलाय तो त्या क्षणापुरता स्थिरच असतो म्हणून तिथे ती जास्तीची पकड मिळते. मला हे पटेचना, पळत्या गाडीचा टायर स्थिर कसा? मधल्या सुट्टीत सरांशी वाद घातला, तर त्यांनी खडूचा गोल डबा टेबलावरून सावकाश घरंगळवला, बघ म्हणाले, टेकलेली जागा घासतेय का? नव्हती घासत!

दुसऱ्या दिवशी गणित. वेग दुप्पट केला की थांबायला अंतर चौपट लागतं. कोरड्या रस्त्याचा घर्षण गुणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, ०.८ धरला तर ताशी ३६ किमीला साधारण साडेसहा मीटर, ७२ ला साडेपंचवीस, आणि ओल्या रस्त्यावर तो ०.४ वर आला की ७२ लाच ५१ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी २० मीटर. आणि या गणितात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, म्हणजे गाडी जड असो की हलकी अंतर तेवढंच, हे बघून तर मी थक्कच झालो होतो (प्रत्यक्षात जड ट्रकचे ब्रेक तापतात, टायर वेगळे असतात, ते प्रकरण निराळं).

पुढे बऱ्याच वर्षांनी, माझ्या पहिल्या जुन्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं, भर पावसात समोरची गाडी अचानक थांबली आणि मी ब्रेक दाबून धरला. चाकं लॉक, म्हणजे फिरायची थांबून रस्त्यावर नुसती घासायला लागली. स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी आपली सरळच घसरत चाललीय. तेव्हा खरंच तो खाली आलेला काटा डोळ्यांसमोर आला, पाय उचलला, चाकं फिरायला लागली आणि गाडी वळली.

आताच्या गाडीत एबीएस हेच काम सेकंदाला कितीतरी वेळा करतं, चाक लॉक व्हायला लागलं की ब्रेक सैल, पकड आली की परत घट्ट. पायाखाली पेडल थरथरतं तेव्हा मला दरवेळी वाटतं, सरांचा काटा वरच धरून ठेवलाय कोणीतरी.