कॅपाब्लांका-मार्शल १९१८ : एका डावात घालवलेले तीन आठवडे

बुद्धिबळातला मार्शल अटॅक (काळ्याने प्यादं सोडून हल्ला चढवायची पद्धत) शिकायचा म्हणून आधी सरळ मूव्ह्ज पाठ करायला घेतल्या आणि दोन दिवसात सगळं विसरलो. मग म्हटलं, ज्या डावामुळे हा अटॅक गाजला तोच घेऊन बसू. न्यूयॉर्क, १९१८, पांढरी पुढे जगज्जेता झालेल्या कॅपाब्लांकाकडे (थोडक्यात कॅपा), काळी फ्रँक मार्शलकडे, ज्याच्या नावाचा हा अटॅक.

सुरुवात रुय लोपेझ नावाच्या ओपनिंगची, नेहमीचीच, आणि आठव्या खेळीला मार्शल डी५ (प्यादं डी५ घरावर) करून ई५ चं प्यादं चक्क सोडून देतो. ही खेळी त्याने कॅपासाठी कितीतरी वर्षं लपवून ठेवली होती म्हणतात, मला त्यात बरंच तिखटमीठ वाटतं, पण असो.

इंजिन (खेळ्या सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) बंद, खरा पट मांडला, कॅपाच्या खेळ्या कागदाने झाकल्या आणि आधी स्वतःचा अंदाज लिहायचा असं ठरवलं. १५व्या खेळीला काळा घोडा एफ२ चं प्यादं खातो आणि कॅपा त्याला हात न लावता हत्ती ई२ वर आणतो. का बाबा? फुकटचा घोडा, वजिराने घे की! मग वजिराने घोडा घेतला असं धरून काळ्याकडून बघितलं, उंट जी३ ला लावला, खूश झालो. तर पांढरा वजीर एफ७ खाऊन शह देतो, आपण हत्तीने तो मारायचा, आणि ई८ ला हत्ती येऊन मात, कारण आपला एफ७ चा हत्ती बी३ च्या उंटाने पिन झालेला (हलला तर राजाला शह)!! अर्धा तास डोकं धरून बसलो. आधी उंटाने एच२ वर शह द्यायचा होता (राजाने उंट खाल्ला तर वजीर जातो), राजा एफ१ ला गेला की मग जी३. आता वजिराने एफ७ खाल्लं तर आपला हत्ती तो मारतानाच राजाला शह बसतो, ई८ ला यायला त्याला सवडच नाही.

पुढे कॅपाचा राजा ई२, डी३, सी२ असा पायी पायी पलीकडे जातो आणि ३६व्या खेळीला डाव जिंकतो. यातलं मला जेमतेम चार खेळ्या ओळखता आल्या.

शेवटी इंजिन लावलं, ते म्हणतं अकराव्या खेळीला घोडा एफ६ नको, सी६ कर, आज सगळे तेच खेळतात.

मग ऑनलाइन खेळायला गेलो तर जो तो आठव्या खेळीला ए४ नाहीतर एच३ करून मार्शल अटॅक टाळून पळतोय. एकाने एकदाचं सी३ केलं (म्हणजे अटॅकला वाट दिली), मी थरथरत डी५ केलं, आणि त्याने काहीच न खाता शांतपणे डी३ केलं.